दोन इंचांचं चौकोनी भोक

डेट्रॉईटच्या उपनगरात एखाद्या घरासमोर पिकअप ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की थोड्याच वेळात तिथे चार माणसं उभी राहतात. पाय कोणाचे आहेत याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. खाली काय चाललंय आणि ते कसं चुकतंय, एवढंच बघायचं असतं. चौघंही मोटार कंपन्यांतून निवृत्त झालेले असतात. एकाने पस्तीस वर्षं फक्त दाराच्या रबरावर काढलेली, दुसऱ्याची हयात सीट मागेपुढे सरकवणाऱ्या रुळांत गेलेली, तिसऱ्याने हॉर्नपलीकडे नजर टाकलेली नाही आणि चौथा हिशेब खात्यातला. अख्खी गाडी यांच्यापैकी कोणीच बनवलेली नसते. म्हणूनच अख्ख्या गाडीवर मत द्यायची संधी आली की ते ती सोडत नाहीत. मीही त्याच धंद्यातला. ओल्या काचेवरून फिरताना वायपर का थरथरतो, याची गणितं मी संगणकावर करतो. तेव्हा पाचवा मी असतो.

मागच्या उन्हाळ्यात हे पाय आमच्या शेजाऱ्याचे होते.

शेजाऱ्याकडे १९७० सालचा शेवरोले सी-१० आहे. हिवाळाभर हा ट्रक गॅरेजात पांघरूण घेऊन झोपतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याला आंघोळ घालून वुडवर्ड ॲव्हेन्यूवर न्यायचं आणि हजारो जुन्या गाड्यांच्या गर्दीत मुंगीच्या चालीने मिरवायचं, हा शेजाऱ्याचा नेम. वुडवर्डचा हा मेळा १९९५ पासून भरतो. पण उरलेलं वर्ष ट्रकला काम नाही, आणि पिकअपला काम नसणं मालकाच्या जिव्हारी लागतं. साधी मोटार दारात नुसती उभी राहिली तर तिला कोणी जाब विचारत नाही. पिकअप उभा दिसला की येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, "हा ओढतो का काही?" या प्रश्नाला "नाही" म्हणताना भल्याभल्यांची मान खाली जाते.

ओढायचं तर हिच रिसीव्हर लागतो. नाव भारदस्त असलं तरी प्रकार सोपा आहे. ट्रकच्या चेसिसला मागून एक आडवी पोलादी तुळई बोल्टांनी जोडायची. तिच्या मधोमध दोन इंचांचं चौकोनी भोक असतं. त्या भोकात लोखंडी दांडा सरकवायचा, आरपार पिन घालायची, दांड्याच्या टोकावर पोलादी गोळा बसवायचा आणि त्या गोळ्यावर ट्रेलरचा टोप चढवून खटका लावायचा. एवढ्यावर अर्धी अमेरिका आपली बोट, घोडे, कचरा आणि प्रसंगी आख्खं घर मागे बांधून हिंडते.

शेजाऱ्याला बोट न्यायची होती. कुठे, असं विचारल्यावर त्याने उजव्या हाताचा तळवा समोर धरला आणि करंगळीच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "इथे." मिशिगनच्या खालच्या भागाचा नकाशा हातमोज्याच्या आकाराचा असल्यामुळे इथली माणसं रस्ता सांगताना हातच पुढे करतात. राज्यात तळी अकरा हजारांवर आहेत. घरापासून दहा मैलांच्या आत चांगली पाच-सहा सापडतील. पण मासा करंगळीच्या टोकालाच खरा लागतो, आणि तोही ट्रकने बोट ओढत नेली तर, अशी इथली श्रद्धा आहे.

रिसीव्हरचे पाच वर्ग असतात. पहिल्या वर्गाचा दोन हजार पौंड वजनाच्या ट्रेलरपर्यंत चालतो, दुसऱ्याचा साडेतीन हजारांपर्यंत, तिसऱ्याचा साधारण आठ हजारांपर्यंत, चौथ्याचा दहा हजारांपर्यंत, आणि पाचवा त्याहून जड कामाला. शेजाऱ्याची ॲल्युमिनियमची बोट, तिचं इंजिन आणि चाकांचा सांगाडा मिळून जेमतेम बाराशे पौंड. म्हणजे पहिला वर्ग पुरला असता. पण हूक खरेदीला गेलेला पुरुष आणि लग्नाच्या खरेदीला गेलेलं कुटुंब यांचं सारखंच असतं. जे पुरेल त्याकडे ते बघतही नाहीत. शेजारी चौथ्या वर्गाचा हूक घेऊन आला. बोट काय, किनाराही ओढून आणता आला असता.

हूक बसवण्याआधी आधीचा काढावा लागला. ट्रकचा पहिला मालक शेतकरी होता आणि त्याने मागे स्वतःच्या हाताने काहीतरी वेल्डिंग करून ठेवलं होतं. त्यात दोन जाड अँगल होते, एक पाइप होता, कुठल्या तरी नांगराचा तुकडा होता आणि का आहे ते कोणालाही न कळलेली एक बिजागरी होती. चौघा निवृत्तांनी त्याला वाकून, उकिडवं बसून आणि शेवटी चष्मा बदलून न्याहाळलं. "हे कुठल्याच नियमात बसत नाही," रबरवाला म्हणाला. "पण पन्नास वर्षं टिकलंय," हिशेबवाला म्हणाला. अभियांत्रिकीतला सगळा वाद या दोन वाक्यांत येऊन जातो.

जे वेल्डिंग नव्हतं ते बोल्टांनी धरलं होतं, आणि बोल्ट गंजाने. मिशिगनच्या गंजाची कथा नीट सांगितली पाहिजे. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून अधिक खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर जे मीठ टाकतात, ते या खाणीतून निघतं. म्हणजे या शहराने वर गाड्या बनवल्या आणि त्या खाऊन टाकण्याची सोय जमिनीखाली करून ठेवली. नव्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी पडू नये म्हणून निसर्गाने उद्योगपतींना केलेली इतकी मनापासून मदत दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

गंजावर पहिला उपाय डब्ल्यूडी-४०. १९५३ साली सॅन दिएगोतल्या एका कंपनीने हे मिश्रण तयार केलं. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. ॲटलास क्षेपणास्त्राचं पोलादी अंग गंजू नये म्हणून ते फवारत असत. शेजाऱ्याच्या बोल्टांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते भिजले आणि तसेच बसले. मग लांब पाइप लावून पाना ओढला. बोल्ट हलला नाही, ट्रक हलला. शेवटी गॅसची टॉर्च निघाली, तसा हिशेबवाला चार पावलं मागे सरकला. त्याला दिलासा मिळाला तो या ट्रकच्या रचनेमुळे. १९७० च्या सी-१० ची पेट्रोलची टाकी मागे नाही, केबिनमध्येच, बरोबर सीटच्या पाठीमागे आहे. त्यामुळे मागे बंपरपाशी आगीचा लोळ काढला तरी निर्धास्त. धोका काय तो पुढे बसणाऱ्याला, आणि त्या काळी पुढे बसणारे आरामात सिगारेट ओढत असत.

याच सुमारास माझे सासरे, अण्णा, सांगलीकडून सहा महिन्यांसाठी आले होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. उसाची ट्रॉली फाटकातून आत वळली की काट्यावर चढायच्या आत ते तिचं वजन सांगत आणि काटा त्यांच्याशी सहसा वाद घालत नसे. अमेरिकेत आल्यापासून त्यांच्या नजरेला काम नव्हतं. सकाळी चहाचा कप घेऊन ते अंगणात आले आणि पायांकडे बघून म्हणाले, "जावईबापू, ह्यो मानूस कालधरनं आडवा पडून काय करतोय?"

"हूक बसवतोय, अण्णा. ती बोट ओढायला."

अण्णांनी बोटीकडे एकदा पाहिलं. "पाचशे किलो. लई झालं तर साडेपाचशे. आनि ह्यो हूक किती टनाचा?"

"साडेचार."

"आमच्याकडं एवढ्यावर दोन ट्रॉल्या जात्यात. वर बसून पोरं ऊस खात्यात ती वायलीच."

बोटीचं वजन मी शेजाऱ्याला किलोवरून पौंडात करून सांगितलं. तो ट्रकखालून बाहेर आला, कागद शोधले आणि अण्णांकडे बघतच राहिला. त्या क्षणापासून निवृत्त मंडळींत अण्णांची खुर्ची पक्की झाली. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती, त्यामुळे संबंध उत्तम राहिले.

आता नवा हूक चढवायचा. इथे वादाचा मुख्य विषय निघाला: चेसिसला भोकं पाडावीत की नाही? सीटवाल्याला ते देवाच्या मूर्तीला खिळा ठोकल्यासारखं वाटलं. वुडवर्डला जाणकार लोक वाकून बघतात, कारखान्यातून निघाली तशी गाडी असली तर वाहवा करतात, आणि इथे तर अर्ध्या इंची नव्या भोकांची रांग! मग वेल्डिंग करू, असं हॉर्नवाला म्हणाला. त्यावर रबरवाला उसळला. चेसिसला वेडीवाकडी आच लागली की लोखंडाचा स्वभाव बदलतो आणि तडा वेल्डच्या शेजारी जातो, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. भोकं पाडायचीच तर चेसिसच्या उभ्या भिंतीत पाडावीत, खालच्या-वरच्या आडव्या पट्टीत नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण त्या पट्ट्यांवर येतो, हेही बरोबर होतं. आयुष्यभर दाराचं रबर पाहिलेल्या माणसाला हे इतकं नेमकं कसं माहीत, हे मात्र मला कोडं पडलं. मग कळलं, त्याला चेसिस खात्यातच जायचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी तिथे जागा नव्हती.

शेवटी भोकं पडली. बारीक ड्रिलने सुरुवात, मग जाड, मधे तेल, हळूहळू फिरवणं आणि डोळ्यांत लोखंडाचा कीस जाऊ नये म्हणून चष्मा. जुन्या ट्रकची चेसिस आतल्या बाजूने उघडी असते, त्यामुळे नट लावायला हात सहज आत जातो. बाहेर काढताना त्याला विचार करावा लागतो. वीस-बावीस किलोची तुळई जॅकने वर उचलली, आणि पाठीवर झोपलेल्या माणसाच्या छातीवर ती येऊ नये म्हणून पाचही जण मनोमन प्रार्थना करत उभे राहिले. हात लावला तो फक्त अण्णांनी.

बोल्ट ग्रेड आठचे होते. त्यांच्या डोक्यावर सहा रेघा असतात. ग्रेड पाचच्या डोक्यावर तीन. बिनरेघांचा बोल्ट हुकाला लावू नये. ते नीट आवळायला टॉर्क रेंच लागतो, म्हणजे ठरलेला जोर लागला की "टक्" करणारा पाना. प्रत्येक "टक्" ला चौघं माना डोलवत होते. त्या चौघांच्या एवढ्या वर्षांच्या मीटिंगांत इतकं निःसंदिग्ध उत्तर कोणी दिलं नसावं.

मग दिव्यांचं वायरिंग. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना चार तारा लागतात: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या ब्रेकची आणि इंडिकेटरची, हिरवी उजवीकडची. जुन्या अमेरिकन ट्रकांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात असतात, ट्रेलरचीही रचना तीच, त्यामुळे तारा सरळ जुळतात. कागदावर. प्रत्यक्षात एकाने केबिनमध्ये बसून पेडल दाबायचं असतं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं असतं, आणि या कामाला नेहमी नवरा-बायकोच नेमलेले असतात.

"ब्रेक!"

"दाबलाय!"

"नाही लागत!"

"मग मी काय करू?"

"डावा दाखव!"

"कुणाचा डावा?"

ही संभाषणं मी मराठीत, कानडीत आणि हिंदीत ऐकलेली आहेत. इंग्रजीत ती जराही वेगळी नव्हती. दोष पांढऱ्या तारेत निघाला. अर्थिंगला गंजलेलं लोखंड दिलं की वीज परतीची वाट शोधत भलत्याच दिव्यात शिरते. डावा इंडिकेटर दाखवला की दोन्ही दिवे मंद उजळतात, ब्रेक दाबला की तेही विझतात. कानशीने लोखंड चकचकीत घासून तार पक्की केली, तेव्हा दिवे शहाण्यासारखे वागू लागले. जास्तीच्या दिव्यांमुळे जुना फ्लॅशर घाईघाईने लुकलुकत होता; तो बदलला. "आमच्या ट्रॉलीला दिवंच नसत्यात," अण्णा म्हणाले. "मागं लाल रिफ्लेक्टर चिकटवत्यात. चिखल बसला की ते बी नसतंय." पांढऱ्या तारेवर एवढा वेळ घालवणाऱ्या माणसाविषयी त्यांच्या आवाजात थोडा आदर होता.

काम संपलं. शेजाऱ्याने सर्वांना बिअर दिली, अण्णांना लिंबू सरबत. हूक दहा हजार पौंड ओढेल, हे त्याने दहा हजार वेळा सांगून झालं. तेव्हा अण्णांनी मला कोपराने ढोसलं. "त्याला इचारा, थांबतंय कसं?"

मी विचारलं. चौघं एकदम आपापल्या बाटलीवरचं लेबल वाचू लागले.

शेवरोलेच्या या ट्रकांना पुढे डिस्क ब्रेक सरसकट यायला लागले ते १९७१ पासून. शेजाऱ्याचा १९७० चा. चारही चाकांना ड्रम. जड ओझं मागे लावून लांबच्या उतारावर वारंवार ब्रेक दाबले की ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. चौथ्या वर्गाचा हूक बसवल्याने ट्रक चौथ्या वर्गाचा होत नाही. गोळा, दांडा, पिन, बोल्ट, पाटे किंवा स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक यांत जो सगळ्यांत कच्चा, त्याच्या ताकदीएवढीच सगळ्यांची ताकद. हे दुकानातल्या खोक्यावरही लिहिलेलं असतं, पण दहा हजारांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि हे बारीक.

"वडाय काय, बैल बी वडतंय," अण्णा म्हणाले. "थांबाय लागतंय तवा मालकाची परीक्षा."

शेजाऱ्याने याचं भाषांतर दोनदा करून घेतलं. ब्रेकचे लायनर त्याने नवे घातले आणि बोटीपेक्षा जड काही ओढायचं नाही असा निश्चयही केला. निश्चय गणपतीपर्यंत टिकला.

कारण हूक बसल्याची बातमी आमच्या मराठी मंडळाला लागली. मखर एका सभासदाच्या गॅरेजात, सतरंज्या दुसऱ्याच्या तळघरात आणि आरास होणार शाळेच्या हॉलमध्ये. एरवी हे सगळं आठ मिनीव्हॅनांतून जायचं आणि मखराचा एक खांब दरवर्षी नवव्या मिनीव्हॅनमध्ये राहायचा. शेजारी भाड्याचा छोटा नारिंगी ट्रेलर लावून हजर झाला. १९४५ साली शोएन पती-पत्नींनी वॉशिंग्टन राज्यातून असे ट्रेलर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून अमेरिकेतलं निम्मं बिऱ्हाड याच रंगात हललं आहे. ताशी ५५ मैलांच्या वर जाऊ नका, असं त्यावर ठळक लिहिलेलं असतं. १९७० च्या ट्रकला ही सूचना अपमानास्पद नव्हती, महत्त्वाकांक्षी होती.

सामान भरताना मंडळाचे सगळे पदाधिकारी जातीने हजर होते. प्रत्येकाने आपली वस्तू दाराशी ठेवली, म्हणजे उतरवताना पहिली निघेल. स्पीकर, समया, वर्गणीतून घेतलेलं जनरेटर, सगळं वजन मागच्या टोकाला. ट्रेलरची मागची बाजू टेकली आणि पुढचा दांडा ट्रकला वर उचलू लागला. अण्णा मंडळाच्या बैठकीत कधी बोलले नव्हते. इथे मात्र त्यांचा आवाज काट्यावरचा होता.

"सगळं काढा. वजन म्होरं घ्या."

अध्यक्षांनी कारण विचारलं.

"मागं भरलं की ट्रॅक्टराचं मागलं चाक उचलतंय. मग स्टेअरिंग धरून नुसतं देवाचं नाव घ्याचं."

शास्त्र हेच सांगतं. ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के हुकाच्या गोळ्यावर आलं पाहिजे. त्यासाठी साधारण साठ टक्के सामान पुढच्या अर्ध्यात भरावं. गोळ्यावरचा भार कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो, आणि एकदा मागचा डोलायला लागला की पुढच्याला स्वतःचं मत उरत नाही. मंडळाच्या घटनेत याची तरतूद नव्हती, तरी ठराव एकमताने झाला. दांड्याखालून सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घातल्या. टोप निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडावा म्हणून.

गणपती वेळेवर पोचला. ट्रकच्या बॉनेटला कुंकू आणि हार लागला, त्यावर सीटवाल्याने मूळ रंगाचं काय होईल अशी काळजी व्यक्त केली आणि तीन मोदक खाऊन ती मागे घेतली. फक्त हॉलच्या दारापाशी ट्रेलर उलटा घ्यायची वेळ आली, तेव्हा सगळं शहाणपण संपलं. उलटं जाताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो चटकन रुसतो. त्यावर उपाय एकच आहे: स्टेअरिंगचा तळ धरायचा, ट्रेलर जिकडे न्यायचा, हात तिकडे न्यायचा. हे शेजाऱ्याला ठाऊक होतं. पण चाळीस मराठी माणसं चाळीस दिशांनी "येऊ द्या, येऊ द्या" करत असताना ठाऊक असलेल्या गोष्टीचा उपयोग होत नाही. शेवटी ट्रेलर सोडवला आणि हाताने ढकलत आत नेला. दहा हजार पौंडांच्या हुकाला मंडळाच्या दहा कार्यकर्त्यांनी हरवलं.

बोट करंगळीच्या टोकाला जाऊन आली, असं ऐकतो. मासा मिळाला की नाही ते शेजारी सांगत नाही. पण हुकावर तो खूश आहे. "हा ओढतो का काही?" या प्रश्नाला आता त्याच्याकडे उत्तर आहे आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. अमेरिकेत मी असे कितीतरी हूक पाहतो ज्यांच्यावर ओरखडा नाही, गोळ्यावर ग्रीस नाही आणि भोकात आवडत्या फुटबॉल संघाचं झाकण बसवलेलं आहे. ते ओढण्यासाठी नसतातच. ते विचारणाऱ्यासाठी असतात. त्यात वावगं काही नाही. फक्त किती ओढतो हे मिरवणाऱ्या प्रत्येकाला थांबतो कसा, हे एकदा विचारावं. ट्रकवाल्यांनाच विचारावं असंही नाही.

आणि ज्यांच्याकडे हूक आहे त्यांना एक हात जोडून विनंती. काम झालं की पिन काढा, गोळ्याचा दांडा भोकातून बाहेर ओढा आणि ट्रकच्या आत ठेवा. पार्किंगमधून जाणाऱ्या माणसाच्या नडगीच्या नेमक्या उंचीवर तो बाहेर आलेला असतो, आणि नडगीला वर्ग एकच असतो.